चिघळणे

महाडच्या शाळेत, नववीच्या पुस्तकात
हा शब्द मला मिठासाठी भेटला.
तोवर चिघळायची ती जखम,
नाहीतर बांधावरचा वाद.
दगडासारखा कोरडा पदार्थ
नुसत्या हवेने चिघळतो,
हे बाईंनी सांगितलं, दाखवलं नाही.
बाटली कपाटात होती,
पण बूच कधीचं बसलेलं.

आता ते मी रोज तोलते.
खोर खुवैरला, डोंगर आणि बंदराच्या चिमटीत.
मागे चुनखडी, सुरुंगाने दुपारी दोनदा खोकणारी,
पुढे समुद्र, ऑगस्टात कढत्या आमटीसारखा.

रीत साधी आहे.
हौदात खडी, वरून हायड्रोक्लोरिक आम्ल.
खडी नेहमी थोडी जास्त,
म्हणजे शेवटी आम्ल संपतं, खडी उरते.
कधी एखाद्या खड्यात शिंपल्याचा ठसा असतो;
तोही फसफसून जातो,
इतकी वर्षं डोंगरात राहून.
मग चुन्याचं दूध, लोखंड तळाला,
गाळायचं, आटवायचं.
लवकर थांबलात तर एका रेणूला सहा पाणी,
आणखी तापवलंत तर दोन पाण्यांची पापडी,
अडीचशे अंशांच्याही वर नेलंत तर
निर्जल. पांढरं. वखवखलेलं.

सहा पाण्यांचे स्फटिक आम्ही करत नाही.
ते तिसाच्या आसपास
आपल्याच पाण्यात वितळतात,
आणि इथे मे लागला की
पहाटसुद्धा तिसावर बसलेली असते.

गंमत अशी की
निर्जल पाण्यात टाकलं तर पाणी चटके देतं,
स्फटिक टाकले तर पाणी गार पडतं.
मीठ तेच. फरक एवढाच,
एकाचं पिऊन झालेलं असतं.

मुबीन परकार, खेडचा, रात्रपाळीचा मदतनीस,
मायक्रोवेव्ह बिघडला तेव्हापासून
डबा बादलीत ठेवतो,
भोवती पाणी, पाण्यात चार वाट्या निर्जल.
भाताला वाफ येते.
"कंपनीचा माल खातोस," मी म्हणते.
"खात नाय बाई, शेकतोय."

त्यानेच त्या रात्री
गोणीचं तोंड शिवायचं ठेवलं.
घरून फोन होता, म्हणाला. बहिणीचं काहीतरी.
दार उघडं. समुद्र आत आला,
पायांचा आवाज न करता.

सकाळी गोणीच्या तोंडाशी घट्ट दही,
खाली काँक्रीटवर ओघळ.
पंचवीस किलोची गोणी
काट्यावर सव्वीस किलो तीनशे.
उबैद अल शेहीने काटा दोनदा शून्यावर आणला.
"वीस वर्षं गोदाम सांभाळतोय," तो म्हणाला,
"हलकी झालेली गोणी ओळखतो.
ही कसली चोरी,
जी रात्रीतून माल ठेवून जाते?"
मुबीन हसला नाही.
त्याला पगार कापला जाण्याची भीती होती.

मी त्याला कागदावर दाखवलं:
निर्जल एकशे अकरा,
सहा पाणी घेतल्यावर दोनशे एकोणीस.
निम्मं वजन जवळजवळ पाण्याचं.
तो आकड्यांकडे बघत राहिला.
"गावाला गेलो की सगळी हेच म्हणतात," तो म्हणाला,
"भरलास रे."

फॉर्मवर रकाना एकच होता: घट.
मी लिहिलं, उणे एक किलो तीनशे.
कारण: हवा.
उबैदने सही केली. पगार वाचला.

ओघळाचा डाग मात्र तिथेच आहे.
पन्नाशीच्या उन्हात
आवारातलं सगळं करपतं,
तो ओलाच.
काल एक बुलबुल उतरला,
चोच बुडवली,
मान झटकली,
माझ्याकडे बघितलं,
आणि पुन्हा बुडवली.